नेता निवडताना दिसणं बघावं का? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी शाळेत नागरिकशास्त्र शिकवते आणि निवडणूक लागली की मतदान केंद्रावरची ड्युटी ठरलेलीच. त्यामुळे बचत गटांच्या, सोसायट्यांच्या, कॉलेजच्या बैठकांत मतदानाबद्दल बोलायला बोलावतात. यंत्र, यादी, ओळखपत्र हे सगळं विचारून होतं आणि मग चहाचा कप हातात आला की कुणीतरी हळूच उमेदवारांच्या दिसण्याचा विषय काढतं. नंतर व्हॉट्सअॅपवरही तेच प्रश्न येत राहतात. ते इथे शक्यतो विचारणाऱ्यांच्याच भाषेत ठेवलेत. उत्तरं माझी आहेत, कुठल्या पक्षाची नाहीत.

१. सरळ सांगा, मत देताना उमेदवाराचं दिसणं बघायचं की नाही?

"दिसणं" या एका शब्दात आपण तीन गोष्टी कोंबतो. रंग, उंची, नाकडोळे, टक्कल, एखादं व्यंग हे माणसाने मागून घेतलेलं नसतं. त्यावरून तो आमदार निधी कुठे लावेल हे कळत नाही, त्यामुळे ते बघू नये. कपडे, गाड्यांचा ताफा, गळ्यातली साखळी ही झाली राहणी. ती माणूस स्वतः निवडतो, म्हणून काहीतरी सांगते, पण कधीकधी खोटंही सांगते (प्रश्न ९). तिसरं म्हणजे वागणं. सभेच्या गर्दीत म्हातारीने हात धरला तर थांबतो की कार्यकर्ता तिला बाजूला करतो? प्रश्न विचारणाऱ्याकडे बघून बोलतो की कॅमेऱ्याकडे? हेही डोळ्यांनीच दिसतं आणि हे जरूर बघावं.

"मी चेहरा बघतच नाही" असं कुणी म्हणालं तर मी विश्वास ठेवत नाही. कांदेपोह्यांच्या कार्यक्रमात वाढलेली माणसं आपण. समोर कुणी आलं की पहिल्या मिनिटात स्थळ जोखायची सवय मतदानाच्या दिवशी कुठे जाणार?

२. लोक खरंच चेहऱ्यावरून मत देतात, याला काही पुरावा आहे का?

आहे, बराचसा परदेशातला. अमेरिकेतल्या प्रिन्स्टन विद्यापीठातल्या अलेक्झांडर तोडोरोव्ह आणि सहकाऱ्यांनी २००५ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. सिनेटच्या, म्हणजे तिथल्या संसदेच्या वरिष्ठ सभागृहाच्या, निवडणुकांतल्या पहिल्या दोन उमेदवारांचे फोटो त्यांनी लोकांना दाखवले आणि विचारलं, यातला जास्त सक्षम कोण वाटतो? चेहरा ओळखीचा निघाला तर ते उत्तर धरलं नाही. सुमारे ७० टक्के लढतींत "सक्षम वाटलेला" उमेदवारच प्रत्यक्षात जिंकलेला होता. नाणं उडवलं असतं तर ५० टक्के जुळलं असतं.

२००९ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या जॉन अँटोनाकिस आणि ओलाफ दालगास यांनी गंमतच केली. फ्रान्सच्या संसदीय निवडणुकीतले उमेदवार त्यांनी ५ ते १३ वर्षांच्या मुलांना दाखवले आणि विचारलं, बोटीतून जायचं असेल तर कप्तान कोणाला कराल? मुलांनी निवडलेले कप्तानही सुमारे ७० टक्के वेळा निवडणूक जिंकलेले निघाले. आमच्या पाचवीच्या वर्गात मॉनिटरची निवड बघितली असल्याने मला याचं फारसं नवल वाटलं नाही.

मात्र दोन गोष्टी ध्यानात ठेवा. इथे विचारलं होतं ते "सक्षम कोण वाटतो" हे, "देखणा कोण" हे नव्हे. दुसरं, चेहऱ्यामुळेच ते जिंकले असं यातून सिद्ध होत नाही. पक्षही जिंकण्याजोग्या जागेवर छाप पडेल असाच माणूस उभा करत असतील. २०११ चा गॅब्रिएल लेन्झ आणि चॅपेल लॉसन यांचा अभ्यास मला यापेक्षा जास्त महत्त्वाचा वाटतो. ज्यांना राजकारणाची माहिती कमी आणि टीव्ही बघणं जास्त, त्यांच्यावर उमेदवाराच्या दिसण्याचा परिणाम सर्वाधिक, असं त्यांना आढळलं. थोडक्यात, माणसाबद्दल दुसरं काहीच माहीत नसेल तेव्हा चेहरा सगळी जागा व्यापतो.

३. पण आपल्याकडे लोक पक्ष, जात आणि चिन्ह बघतात. चेहऱ्याला कोण विचारतं?

बरोबर आहे, निदान लोकसभा-विधानसभेला तरी चिन्ह भारी पडतं. दिंडोरीचं उदाहरण घ्या. २०२४ च्या लोकसभेला तिथे भास्कर भगरे यांचं चिन्ह होतं "तुतारी वाजवणारा माणूस". त्यांच्याच आडनावाच्या एका अपक्षाला मिळालं नुसतं "तुतारी". यंत्रावर दोघांचेही फोटो होते. तरी त्या अपक्षाला एक लाखाहून जास्त मतं पडली. भास्कर भगरे निवडून आले ते आले, पण एवढ्या मतांपैकी बऱ्याच मतदारांनी चेहरा बघितलाच नसणार, तुतारी दिसली आणि बटण दाबलं.

चेहरा जोरात येतो तो चिन्हाचा आधार सुटतो तिथे. वॉर्डातले अपक्ष, सोसायटीची निवडणूक, कॉलेजची, पतसंस्थेची. आणि उमेदवारी वाटताना. "मुख्यमंत्रिपदाचा चेहरा कोण?" हा मथळा आपण दर पाच वर्षांनी वाचतो, तिथे "डोकं कोण?" असं कुणी छापत नाही.

४. चेहरा बघू नये म्हणता, मग मतदान यंत्रावर फोटो कशाला लावतात?

नामसाधर्म्यामुळे. २०१४ च्या लोकसभेला रायगडमध्ये अनंत गीते यांनी सुनील तटकरे यांचा २,११० मतांनी पराभव केला. त्याच निवडणुकीत सुनील तटकरे याच नावाचा एक अपक्षही उभा होता आणि त्याला ९ हजारांहून जास्त मतं मिळाली होती. हिशेब तुम्हीच करा. असे प्रकार देशभर होत, म्हणून निवडणूक आयोगाने २०१५ पासून मतपत्रिकेवर उमेदवाराचा फोटो आणला.

फोटोचे नियमही आहेत. तो अलीकडचा, तीन महिन्यांतला हवा, डोळे उघडे, चेहऱ्यावर विशेष भाव नाहीत, साधे कपडे. गणवेश, टोपी, गॉगल टाळायचे. म्हणजे आधार कार्डावर आपण सगळे जसे दिसतो, तसेच नेतेही दिसावेत अशी सोय. २०२५ च्या बिहार विधानसभेपासून फोटो रंगीत झाला आणि त्यातली तीन चतुर्थांश जागा चेहऱ्याला दिली गेली. ओळख पटायला हे सोयीचं आहे. पण कृष्णधवल फोटोत सगळे सारखेच करडे दिसायचे. आता कातडीचा रंगही बटणाशेजारी आला.

फोटो ओळखण्यासाठी आहे, पसंत करण्यासाठी नाही. एकदा केंद्रावर एका आजींनी पुठ्ठ्याच्या आडून मोठ्याने विचारलं होतं, "बाई, यातला आपला कुठला?" मी गप्प. मग त्यांनीच चष्मा वर केला, "हां, हा बघा मिशीवाला," म्हणाल्या आणि बीप वाजला. गुप्त मतदानाचे बारा वाजले, पण फोटोने त्याचं काम चोख केलं.

५. नट-नट्या निवडून येतात. ते तर निव्वळ दिसण्यावरच ना?

उत्तर मुंबई मतदारसंघ बघा. २००४ मध्ये तिथे काँग्रेसकडून गोविंदा उभा राहिला आणि त्याने राम नाईक यांना हरवलं. नाईक तिथून सलग पाच वेळा निवडून आलेले, केंद्रात पेट्रोलियम मंत्री राहिलेले. मग २०१९ मध्ये त्याच पक्षाने तिथे ऊर्मिला मातोंडकर यांना उभं केलं. त्या गोपाळ शेट्टी यांच्याकडून साडेचार लाखांहून जास्त मतांनी हरल्या. मधल्या काळात मतदारसंघाच्या सीमा बदलल्या होत्या हे खरं, पण पडद्यावरचा चेहरा दोन्ही वेळी होता. हवा एकदा होती, एकदा नव्हती.

दक्षिणेतही नुसतं रूप चाललं असं नाही. एम. जी. रामचंद्रन यांनी १९७२ मध्ये पक्ष काढला आणि १९७७ मध्ये ते तमिळनाडूचे मुख्यमंत्री झाले. गावोगावची चाहत्यांची मंडळं त्यांना पक्षशाखांसारखी उपयोगी पडली. एन. टी. रामाराव यांनी १९८२ मध्ये पक्ष काढून वर्षाच्या आत आंध्रची सत्ता घेतली. लोक त्यांच्यात राम आणि कृष्ण बघत होते. ते दिसण्याहून वेगळं आणि जास्त अवघड प्रकरण आहे.

६. राजा रूपवान, निर्व्यंग असावा असं आपल्याच परंपरेत म्हटलंय ना?

म्हटलंय, आणि त्याचे परिणामही त्याच गोष्टींत सांगितलेत. महाभारतातल्या प्रतीप राजाचा थोरला मुलगा देवापी गुणी होता, प्रजेचा लाडका होता. पण त्याला त्वचेचा विकार होता म्हणून राज्याभिषेकाला विरोध झाला, तो वनात गेला आणि गादी धाकट्या शंतनूला मिळाली. पुढे दोन पिढ्यांनी धृतराष्ट्राला अंधत्वामुळे बाजूला ठेवलं. हस्तिनापुराच्या गादीचं भांडण शंभर कौरवांपासून मोजतात, पण मुळाशी "गादीवर कोण शोभेल" हा प्रश्न दोनदा आलेला आहे.

ही फार जुनी गोष्ट वाटत असेल तर ओडिशाकडे बघा. तिथल्या नगरपालिका कायद्यात कुष्ठरुग्णाला निवडणुकीसाठी अपात्र ठरवणारी तरतूद होती. निवडून आलेल्या एका सदस्याचं पद त्यामुळे गेलं आणि २००८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही ती अपात्रता कायम ठेवली. तोवर कुष्ठरोगावर खात्रीचे औषधोपचार येऊन पंचवीस वर्षं झाली होती. नंतर ओडिशाने तरतूद बदलली. देवापीला निदान वनात जाताना सन्मान होता.

७. उमेदवार अपंग असेल तर कामाची धावपळ त्याला झेपेल का? हा प्रश्न तर रास्त आहे ना?

कामाबद्दलचा प्रश्न रास्त, पण तो सगळ्या उमेदवारांना सारखा विचारा. धडधाकट आमदार पाच वर्षांत तुमच्या गल्लीत किती वेळा आला?

साधन गुप्ता दृष्टिहीन होते. १९५३ मध्ये ते कलकत्त्यातून पोटनिवडणुकीत लोकसभेवर गेले आणि पुढे पश्चिम बंगालचे महाधिवक्ताही झाले. जयपाल रेड्डी लहानपणीच्या पोलिओमुळे कुबड्या घेऊन चालत. १९९८ मध्ये त्यांना उत्कृष्ट संसदपटूचा पुरस्कार मिळाला. अमेरिकेचे फ्रँकलिन रूझवेल्ट १९२१ मध्ये पोलिओने कमरेखाली पंगू झाले आणि त्यानंतर चार वेळा राष्ट्राध्यक्षपदी निवडून आले. मात्र त्यांची चाकाची खुर्ची छायाचित्रांत येऊ नये याची काळजी आयुष्यभर घेतली गेली. मतदारांना खरं कळलं असतं तर काय झालं असतं, या भीतीतच तुमच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर आहे.

भाषेबद्दल एक. डिसेंबर २०२३ मध्ये निवडणूक आयोगाने पक्षांना बजावलं की आंधळा, बहिरा, मुका, लंगडा हे शब्द भाषणात हिणवण्यासाठी वापरू नका. "आंधळं सरकार, बहिरं प्रशासन" म्हणायची आपली जुनी खोड आहे, माझीही होती.

८. उंचापुरा, रुबाबदार माणूस चार लोकांत उठून दिसतो. परराष्ट्रांशी बोलताना त्याचा फायदा होत नाही का?

लालबहादूर शास्त्रींची मूर्ती ठेंगणी, आवाज मृदू. पाकिस्तानच्या अयुब खान यांनी त्यांना कमी लेखलं होतं, असं त्या काळाबद्दल बहुतेक सगळेच लिहितात. १९६५ च्या सप्टेंबरात भारतीय सैन्य लाहोरच्या दिशेने गेलं तेव्हा अंदाज चुकल्याचं कळलं.

उलट उदाहरण अमेरिकेच्या वॉरन हार्डिंग यांचं. उंच, भरदार, रुपेरी केसांचे, अगदी राष्ट्राध्यक्षासारखे दिसणारे. १९२० मध्ये ते प्रचंड मताधिक्याने जिंकले. पुढे तेलसाठ्यांच्या भाडेपट्ट्याच्या लाचखोरीत त्यांचा मंत्री तुरुंगात गेला, आणि इतिहासकारांच्या यादीत हार्डिंग तळाशी असतात.

९. आणि कपडे? साधा राहणारा नेता प्रामाणिक, एवढं तरी खरं ना?

नेहमी नाही. गांधीजींनी २२ सप्टेंबर १९२१ रोजी मदुराईत पंचा नेसायचं ठरवलं, कारण गरिबाला याहून जास्त कापड परवडत नव्हतं. डॉ. आंबेडकरांचा सूट नेमका उलट्या बाजूने तेच बोलत होता. ज्यांना चांगलं कापड अंगावर घालायलाही मज्जाव होता, त्यांच्यातला एक माणूस कडक सुटात उभा राहतो तेव्हा ती चैन नसते. दोघांचेही कपडे विचार करून निवडलेले होते. "साधा तो खरा" या मापाने बाबासाहेब मोजता येत नाहीत, म्हणून ते माप मी बाद करते.

सांगोल्याचे गणपतराव देशमुख ११ वेळा आमदार झाले आणि एसटीने फिरायचे. लोक त्याचं कौतुक करतात, पण सांगोल्याने त्यांना एसटीसाठी निवडून दिलं नाही; दुष्काळी तालुक्यात पाण्यासाठी ते वर्षानुवर्षं भांडत राहिले म्हणून दिलं. आता प्रचारात एसटीत चढणारे बरेच दिसतात. पुढच्या थांब्यावर त्यांची गाडी उभी असते.

१०. फ्लेक्सवर उमेदवार ओळखूच येत नाही इतका गोरा असतो. ही फसवणूक नाही का?

कायद्याने नाही. यंत्रावरच्या फोटोला नियम आहेत (प्रश्न ४), फ्लेक्सवरच्या चेहऱ्याला नाहीत. मी एका फ्लेक्सच्या दुकानात शाळेच्या कार्यक्रमाचं डिझाइन करून घेत होते, तेव्हा शेजारच्या संगणकावर वॉर्डातल्या उमेदवाराचं काम चालू होतं. कार्यकर्ता पोराच्या खांद्यावरून वाकून सांगत होता, "अजून जरा उजळ. अजून. डाग काढ ते." पोराने पट्टी उजवीकडे सरकवत नेली, शेवटी दात आणि गाल एकाच रंगाचे झाले. मग कार्यकर्ता म्हणाला, "वहिनींचा ठेव जरा बारीक, भाऊंचा मोठा घे." उमेदवार वहिनी होत्या.

११. बायकांच्या दिसण्यावर इतकं बोललं जातं, पुरुषांच्या का नाही?

स्थानिक संस्थांत २०११ पासून महिलांसाठी निम्म्या जागा राखीव आहेत, तरी फ्लेक्सवर काय होतं ते वरच्या उत्तरात बघितलंत. बाई नटली तर "मिरवायला आलीय", नाही नटली तर "पदाला शोभत नाही". पुरुष उमेदवाराचं पोट कधी चर्चेत आलेलं आठवतंय?

डिसेंबर २०२१ मध्ये राज्यातल्या एका मंत्र्याने प्रचारसभेत आपल्या भागातल्या रस्त्यांची तुलना एका ज्येष्ठ अभिनेत्री-खासदाराच्या गालांशी केली. राज्य महिला आयोगाने दखल घेतली, मंत्र्याने माफी मागितली. ही उपमा त्याआधी दुसऱ्या राज्यांतही फिरून आली होती. रस्त्यांवर खड्डे तसेच.

१२. थकलेला, आजारी दिसणारा नेता नको, असं म्हणणं म्हणजे दिसण्यावरून न्याय करणं का?

इथे मी थोडी सैल होते. तब्येत कामाशी थेट जोडलेली आहे, म्हणून प्रश्न विचारावा. पण तो सभागृहातल्या हजेरीचा आणि मतदारसंघातल्या कामाचा विचारावा, सुरकुत्यांचा नाही. कायद्याने किमान वय आहे: ग्रामपंचायतीला २१, विधानसभा-लोकसभेला २५, विधान परिषद-राज्यसभेला ३०. कमाल वय नाही, आणि आजार जाहीर करायचं बंधनही नाही.

१३. "अगदी आजोबांवर गेलाय!" म्हणून लोक मत देतात. यावर काय म्हणाल?

नाक आजोबांचं असू शकतं. आजोबांनी काढलेला कारखाना आज कोण चालवतं आणि ऊसबिल वेळेवर देतं का, ते विचारा.

१४. समोरच्याने आमच्या उमेदवाराच्या दिसण्याची टिंगल केली. तक्रार करता येते का?

करता येते. आचारसंहितेनुसार टीका धोरणं, कार्यक्रम आणि आधीच्या कामापुरती ठेवायची असते. सार्वजनिक कामाशी संबंध नसलेल्या खासगी बाबी काढायच्या नसतात. आयोगाच्या सी-व्हिजिल अॅपवर फोटो किंवा व्हिडिओ टाकता येतो आणि १०० मिनिटांत दखल घेणं अपेक्षित असतं. पण आचारसंहिता हा कायदा नव्हे. लोकप्रतिनिधित्व कायद्यात चारित्र्याबद्दल जाणूनबुजून खोटं पसरवणं हा भ्रष्ट मार्ग मानलाय. कुणाला "काळा" किंवा "बुटका" म्हणणं त्यात सरळ बसत नाही. बहुतेक वेळा समज किंवा नोटीस मिळते आणि प्रकरण तिथेच थांबतं.

१५. दोन्ही उमेदवार सारखेच वाटतात, कुणाचीच माहिती नाही. मग जो चेहऱ्याने बरा वाटेल त्याला दिलं तर काय बिघडलं?

सगळ्यात जास्त वेळा आलेला प्रश्न हाच, आणि तो कॉलेजच्या मुलांकडून येतो. बिघडतं असं की "माहिती नाही" हे फार वेळा खरं नसतं; शोधलेली नसते. प्रत्येक उमेदवार नमुना २६ मधलं शपथपत्र देतो. गुन्हे, मालमत्ता, कर्ज, शिक्षण सगळं त्यात असतं आणि आयोगाच्या संकेतस्थळावर मोफत वाचता येतं. गुन्हे असतील तर ते प्रचारकाळात वृत्तपत्रांत आणि वाहिनीवर तीनदा जाहीर करावे लागतात.

मी बैठकीत एक प्रयोग करते. जुन्या, लांबच्या मतदारसंघातल्या दोन उमेदवारांचे फोटो आधी दाखवते आणि हात वर करायला सांगते. मग फोटो झाकून दोघांची शपथपत्रं फिरवते. खोली एकदम शांत होते, पानं उलटल्याचा आवाज येतो. एका काकूंनी आपला वर केलेला हात अर्ध्यात आठवून स्वतःच्याच मांडीवर चापट मारली होती. शपथपत्र वाचूनही कुणीच पटलं नाही तर शेवटचं बटण नोटाचं आहे, २०१३ पासून.

१६. माझी आई दृष्टिहीन आहे. तिच्यासाठी हे फोटोबिटो सगळं फिजूल. ती मत कसं देणार?

यंत्रावर प्रत्येक बटणाशेजारी ब्रेलमध्ये क्रमांक असतो. केंद्रावर ब्रेलमधली नमुना मतपत्रिकाही ठेवलेली असते. ती मागून घ्या, गडबडीत आपणहून पुढे केली जाईलच असं नाही. ती वाचून क्रमांक लक्षात ठेवायचा आणि आत जाऊन बटण दाबायचं. ब्रेल येत नसेल तर १८ वर्षांपुढचा सोबती नेता येतो. त्याला गुप्ततेचं घोषणापत्र द्यावं लागतं आणि त्या दिवशी तो दुसऱ्या कुणाचा सोबती होऊ शकत नाही. आवाजावरून भुलण्याचा धोका तुमच्या आईलाही आहेच. त्यासाठी शपथपत्र घरी वाचून दाखवा.

आमच्या केंद्रावर एक दृष्टिहीन बाई नातवाला घेऊन आल्या होत्या. त्यांनी ब्रेलचा कागद मागितला, बोटं खालपर्यंत फिरवली, परत वर आणली. नातू हात धरून आत निघाला तसा त्यांनी हात सोडवून घेतला. "तू थांब हितंच," म्हणाल्या, आणि भिंतीच्या कडेकडेने एकट्या गेल्या.